टेकडी म्हणायचं नाही

शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी भोईर सरांचा अपमान केला, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या खिडकीतून बाहेर बघत मी नुसतं एवढंच म्हटलं होतं, "अय्या, इथून ती टेकडी किती छान दिसते!"

लोपीस बाईंचा घास तोंडाशीच थांबला. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक काटक, उन्हानं रापलेले गृहस्थ गळ्यात शिट्टी अडकवून शेंगदाणे खात बसले होते. ते उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "बाई, आपन नवीन आहात. टेकडी कोनाला म्हनता? तो डोंगर आहे."

"सॉरी हं," मी म्हटलं.

"सॉरी नको. डोंगर म्हना."

"डोंगर."

"आता बघा त्याच्याकडं. मोठा दिसतो की नाय?"

खरं सांगायचं तर नव्हता दिसत. माणिकपूरच्या आमच्या शाळेच्या वरच्या मजल्यावरून पूर्वेकडे पाहिलं की आधी रेल्वेची लाइन, मग पाणथळ माळ, मग हायवे, आणि हायवेच्या पलीकडे तुंगारेश्वराची निळी रांग. त्या रांगेच्या पुढ्यात भोईर सरांचा डोंगर, घरातल्या मोठ्या माणसाच्या पायाशी मांजर बसावं तसा बसलेला. मी धीर करून विचारलं, "आणि मागचे ते?"

"ती रांग," सर तुच्छतेनं म्हणाले. "रांगेत कोनीपन मोठा दिसतो. आमचा एकटा आहे."

हरेश्वर भोईर आमच्या शाळेत पीटी शिकवत. त्या डोंगराच्या पायथ्याशी कोंडपाडा नावाची वस्ती आहे, तिथून रोज सायकलनं येत. चार पाडे त्या डोंगराला पाठ लावून बसलेले होते. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायचं तर रस्त्यानं मोठा वळसा, नाहीतर डोंगराच्या खांद्यावरून पायवाट. माथ्यावर वाघोबाचं ठाणं, म्हणजे एका झाडाखाली शेंदूर लावलेला दगड. चारही पाड्यांचा तो देव. सर रोज पहाटे वर जाऊन, पाया पडून, खाली उतरून, आंघोळ करून मग शाळेत यायचे, आणि आल्यावर आम्हा सगळ्यांकडे जरा कीव केल्यासारखं बघायचे. आम्ही सपाटीवरची माणसं.

त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. आठवीतला मुलगा गणितात नापास झाला, "डोंगरावर पाठवा." हेडमास्तरांचं ब्लडप्रेशर वाढलं, "रोज एकदा चढा." माझ्या यजमानांची बदली रखडली तेव्हाही त्यांनी डोंगरच सुचवला होता. बदली आणि डोंगर यांचा संबंध मी विचारला, तर म्हणाले, "बदली नाय झाली तर निदान तब्येत होईल."

मी मराठीची शिक्षिका. त्यांचा 'न' ऐकून पहिल्या वर्षी मला फार त्रास व्हायचा. एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, पाणी म्हणा हो, पाणी. मुलं तुमचं ऐकून तसंच लिहितात." ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा ण तुमच्याकडं राहू द्या. आमच्याकडं पानी 'न'नंच भरतात. हंडा तेवढाच भरतो."

त्या सुमारास हायवेच्या अलीकडे नव्या इमारती उगवायला लागल्या होत्या. नालासोपाऱ्यात तर सकाळी रिकामं दिसलेलं शेत संध्याकाळी पायलिंगला लागलेलं असायचं. एका बिल्डरनं मोठा फलक लावला, 'हिल व्ह्यू'. सर सायकलवरून उतरून त्या ऑफिसात गेले आणि विचारते झाले, "डोंगराला विचारलं का?" टेबलापलीकडच्या पोरानं प्रामाणिकपणे विचारलं, "कोण डोंगरे?" ही गोष्ट त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितली, आणि आम्ही हसलो म्हणून दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

एका हिवाळ्यात त्यांनी आम्हाला डोंगरावर नेलं. आठवडाभर सूचना चालू होत्या. पाणी घ्या, काठी घ्या, पोट भरून खाऊ नका, ज्यांना चक्कर येते त्यांनी मधे चाला. आम्ही भेदरून गेलो. लोपीस बाईंनी तर घरून निघताना देवाची प्रार्थना केली म्हणे. आणि चढायला लागलो न लागलो तोच सर म्हणाले, "आलं." मला वाटलं, पहिला टप्पा आला. तो माथाच होता.

सर आमच्याकडे वळले. चेहरा घामानं आणि अभिमानानं चमकत होता. "दमलात ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लोपीस बाई सज्जन. त्यांनी पदरानं कोरडा गळा पुसला आणि म्हणाल्या, "बाई गं! केवढा हो हा!" मग बाकीच्यांनीही आपापल्या परीनं एकेक धाप टाकली. मीही टाकली. सर समाधानानं म्हणाले, "उतरताना गुडघे सांभाळा."

पण हवा खरंच सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे. पश्चिमेला सपाट हिरवा पट्टा, नारळांच्या शेंड्यांतून वर आलेले चर्चचे मनोरे, आणि त्यापलीकडे समुद्र म्हणून एक चकाकती रेघ. सर बोटानं एकेक दाखवत होते, घर दाखवावं तसं.

खाली त्यांच्या घरी जेवण होतं. त्यांच्या आई तेव्हा पुष्कळ म्हाताऱ्या, पण आवाज खणखणीत. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं वाढता वाढता त्यांनी विचारलं, "टेकाडावर जाऊन आल्याव का?"

टेकाड! टेकडीसुद्धा नाही. आम्ही सगळ्यांनी चमकून सरांकडे पाहिलं. सर मान खाली घालून भाकरी मोडत होते. पुऱ्या तालुक्याला दुरुस्त करणारा माणूस आईपुढे मूग गिळून बसला होता.

त्याच दुपारी, सर हात धुवायला गेले असताना, म्हातारीनं आम्हा बायकांना सांगितलं की तिच्या हरीचं लग्न का झालं नाही. "टेकाडानं खाल्लं," ती म्हणाली. तरुणपणी स्थळं येत होती. नोकरीवाला मुलगा, कुणी नाही म्हणेना. पण मुलगी बघायला यायची तर या गृहस्थांची अट, आधी सगळ्यांनी वर जाऊन वाघोबाचं दर्शन घ्यायचं. जी मुलगी वाटेत "अजून किती?" विचारील ती नापास. बहुतेक सगळ्या विचारायच्या. शालू नेसून, नव्या चपला घालून, मागून मामा-मावश्यांचं लटांबर घेऊन चढणारी मुलगी दुसरं काय विचारणार?

"एक पोरगी व्हती," म्हातारी म्हणाली. "काय नाय विचारलान. ह्याच्या पुढं पळत गेली."

"मग?" लोपीस बाई पुढे सरकल्या.

"वर गेली आनि बोलली, एवढंच?"

"मग?"

"मग काय. हा रुसला."

लोपीस बाईंना हसू आवरेना. म्हातारी मात्र हसली नाही. भाकऱ्यांची टोपली झाकत म्हणाली, "मी हाय तवर ठीक."

त्यानंतर काही वर्षांनी सरांच्या आई गेल्या. सर दिवस-कार्य करून परत आले, डोक्यावर नुकते केस उगवत होते. आम्ही जपून बोलत होतो, पण ते पहिल्यासारखेच होते. तसंच शिट्टी मारणं, तसाच डोंगर. फक्त त्यांचा डबा बंद झाला. मधल्या सुट्टीत ते केळी खायचे. आणि शाळा सुटल्यावर घरी जाईनासे झाले. मैदानावर चुन्याच्या रेघा मारत बसायचे. लांब, सरळ, सुंदर रेघा. दुसऱ्या दिवशी कसलीही स्पर्धा नसायची.

हे आधी लोपीस बाईंच्या लक्षात आलं. लोपीस बाई गणिताच्या, वटार गावच्या कॅथलिक. त्यांच्या गावात त्यांनी जुळवलेल्या लग्नांतल्या बायका त्यांना वाटेत अडवून दुवा देत, क्वचित जाबही विचारत. एक दिवस खिडकीतून खाली रेघांकडे बघत त्या म्हणाल्या, "सामंत बाई, याचं लग्न करायला पाहिजे."

"आता? पन्नाशी आली त्यांची."

"म्हणून तर घाई."

त्यांच्या डोक्यात स्थळही तयार होतं. त्यांच्या शेजारच्या वाडीतली शालिनी राऊत. चाळीस ओलांडलेली, घरी शिवणक्लास चालवणारी, हुशार, तिखट. मी ऐकत होते. मग बाई जरा थांबून म्हणाल्या, "लहानपणी पोलिओ झालेला. उजवा पाय अधू आहे. काठी घेऊन चालते."

मी विचारलं, "बाई, तुम्ही या माणसाला ओळखता ना?"

"ओळखते," बाई म्हणाल्या. "म्हणूनच चढणाऱ्या बघणं बंद केलंय."

एका रविवारी आम्ही तिघं वटारला गेलो. सरांना पाय अधू असल्याचं बाईंनी आधीच सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले होते, आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शालूताईंच्या घराभोवती केळी, मागे मोगऱ्याचे वाफे, आणि अंगणाला लागून बावखल, म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं तळं. सगळं कसं पाटीसारखं सपाट. सर बावरल्यासारखे इकडेतिकडे बघत होते. नजर टेकवायला उंच असं काहीच नव्हतं.

शालूताईंच्या थोरल्या भावानं आधी चौकशी केली. "म्हणजे तुम्ही लायनीच्या पलीकडचे?" पश्चिम पट्ट्यातल्या माणसाला रेल्वेची पूर्वेची बाजू परदेशासारखी. "तिकडं पाणी कसं आहे?"

"पानी चांगलं आहे," सर म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

चहा आला. शालूताई स्वतःच आल्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात बिस्किटांची बशी. सर उठायला लागले, त्यांनी नजरेनंच बसवलं. खुर्चीत नीट बसून झाल्यावर त्या थेट म्हणाल्या, "लोपीस बाईंनी मला तुमच्या डोंगराचं सगळं सांगितलंय. आधीच सांगते, मी चढणार नाही. मला चढता यायचं नाही, आणि कुणी उचलून नेलेलं मला चालायचं नाही. आमच्या भावानं एकदा मला जत्रेत खांद्यावर घेतलं होतं. तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हाही मी त्याला चावले होते."

भाऊ खाली बघत मनगट चोळायला लागला.

सरांनी चहा प्यायला, बिस्किट खाल्लं, उठून नमस्कार केला. परतीच्या रिक्षात बसले. स्टेशन आल्यावर नुसतं म्हणाले, "केळी चांगली आहेत त्यांची." लोपीस बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. आम्ही विषय संपवला.

आणि मग दोनेक महिन्यांनी बाई वर्गावर जायच्या ऐवजी धावत शिक्षकखोलीत आल्या. "सामंत बाई, हा माणूस दर रविवारी वटारला जातोय!"

"कशाला?"

"तेच तर! शालू काल माझ्याकडे तक्रार घेऊन आली. म्हणते, तुमचे सर येतात, बावखलाच्या काठाला बसतात, मशीनचा पट्टा बसवून देतात, केळीची वाळकी पानं काढतात. पण डोंगराचं नाव काढत नाहीत. विचारते, मी पहिल्या दिवशी फार तोडून बोलले का?"

हे ऐकून मी चकित झाले. भोईर सर आणि डोंगर नाही? ज्या माणसानं शोकसभेतसुद्धा डोंगराचा दाखला दिला होता, तो रविवारचा अख्खा दिवस गप्प? मी दुपारी त्यांना गाठलं आणि सरळ विचारलं. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "बाई, ज्याला जेवता येत नाय, त्याच्यासमोर ताट वाढून कशाला बसायचं?"

मी हे लोपीस बाईंना सांगितलं, बाईंनी संध्याकाळी शालूताईंना, आणि पुढच्या रविवारी शालूताईंनी सरांना. पुढचं आम्हाला शालूताईंकडूनच कळलं. त्या त्यांना म्हणाल्या, "अहो, मला कुठं भूक लागलीय तुमच्या डोंगराची? पण तुम्ही बोलत नाही म्हणजे मी कुणाशी बसलेय तेच मला कळत नाही. बोला." तेव्हा सर बोलले. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बोलले. कुठल्या वळणावर करवंदं, कुठल्या दगडावर सरडे, वाघोबाच्या झाडावर कुठले पक्षी. शालूताई ब्लाउजला हुक लावत ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या घराच्या खिडकीतून दिसतो का?"

"पुरा दिसतो."

"मग मला खिडकी पुरे," त्या म्हणाल्या.

असं ते लग्न ठरलं. आता आनंदीआनंद व्हायचा, तर कोंडपाड्यात अडलं. अडवलं ते सरांच्या चुलतभावानं. चिंतामणदादा म्हणजे भावकीतले वडीलधारे. बाई पश्चिमेची आहे, वय झालेलं आहे, पाय अधू आहे, याला त्यांची काही हरकत नव्हती. पण नव्या जोडप्यानं वर जाऊन वाघोबाच्या पाया पडल्याशिवाय सून घरात घ्यायची नाही, हा चारही पाड्यांचा रिवाज. "हरी," ते म्हणाले, "हे मी नाय बोलत. जलमभर तूच बोलत आला ना?"

खरंच होतं ते. पाड्यातल्या एका पोरानं कोर्टात लग्न करून बायको परस्पर घरी आणली होती, तेव्हा त्या दोघांना सकाळी उठवून वर नेणारे भोईर सरच होते. आणि गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचंही मन मानत नव्हतं. नुसता भावकीचा प्रश्न असता तर ते शिट्टी मारून मोकळे झाले असते. पण देवाला चुकवायचं कसं? त्या आठवड्यात त्यांनी कबड्डीच्या सामन्यात खो दिला आणि मुलांनी तो घेतला.

शेवटी ते आमच्याकडे आले. "बाई, देवाला खाली बोलावता येतं का? तुमच्या पुस्तकांत काय आहे?"

"सर, मी व्याकरण शिकवते," मी म्हटलं.

लोपीस बाई पेपर तपासत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "आमच्याकडे येतो."

"म्हनजे?"

"माणूस अंथरुणाला खिळलेला असला, चर्चला येऊ शकत नसला, तर फादर प्रसाद घेऊन घरी येतात. आमच्या सासऱ्यांकडे चार वर्षं येत होते. देवाला कुठं पाय मोडायची भीती?"

"असं असतं?" सर म्हणाले, आणि निघून गेले.

डोंगराच्या पलीकडच्या पाड्यावर रावजी भगत राहायचे. देवाचं काही विचारायचं तर चारही पाडे त्यांच्याकडे जायचे. भगताकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, हे सरांना कुणीतरी सांगितलं. सर जन्मात सुपारीचंही खांड न खाल्लेले. ते माणिकपूर नाक्यावरच्या दारूच्या दुकानात गेले. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर पडतात तो समोर आमच्या सातवीतल्या मुलाचे वडील.

"काय सर, इकडे कुठं?"

"औषध आहे."

"कुणाला बरं नाही?"

"देवाला," सर म्हणाले आणि सायकलवर बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेला माहीत.

भगताच्या भेटीची हकीकत त्यांनी आम्हाला शिक्षकखोलीत उभ्यानं सांगितली. भगतानं सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, विचारून ठेवतो, उद्या ये. दुसऱ्या दिवशी सर गेले, तर तो अंगणात टोपली विणत बसला होता. न थांबता म्हणाला, "वाघ पानी प्यायला कुटं जातो?"

"खाली येतो," सर म्हणाले.

"टोकावर पानी हाय?"

"नाय."

"मंग वाघोबा कुटं जात असंल?"

सर म्हणाले, "बाई, मी तिथं उभाच राहिलो. एवढी वर्षं वर जातोय. हे कधी डोक्यातच आलं नाय." पाड्याच्या खाली कोंड आहे, खडकातला झरा साठून झालेला डोह. त्यावरूनच कोंडपाडा. देव तिथं रोज येतोच, नवरीला म्हणावं, पाण्यापाशी थांब, असा भगताचा निरोप.

"आणि बाटली?" लोपीस बाईंनी विचारलं.

"ती तो म्हनला, देवाला नको. पन आनलीच आहे तर ठेव."

लग्न वटारला, बावखलाच्या काठी मांडव घालून झालं. दुसऱ्या दिवशी टेम्पोनं वऱ्हाड कोंडपाड्याला निघालं. रस्ता संपतो तिथून कोंडापर्यंत शेताच्या बांधावरून जायचं होतं. सरांनी हात पुढे केला, शालूताईंनी तो बाजूला सारला आणि काठी टेकत चालायला लागल्या. पुढे वाजंत्री होते. त्यांना या गतीची सवय नव्हती. ते वाजवत वाजवत पुढे निघून जायचे, मागे वळून बघायचे, परत यायचे. एकच गाणं त्यांनी इतकं लांबवलं की शेवटी सनईवाला दमून बांधावर बसला. बायका, म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळी मिरवणूक शालूताईंच्या पावलानं चालली होती. सर्वांत मागे राहिले सर. ज्यांच्याबरोबर चालताना आम्ही कायम धावत असू, ते एक पाऊल टाकायचे आणि थांबायचे.

कोंडाच्या काठाला भगत शेंदूर लावलेला एक दगड मांडून बसले होते. दोघांनी नमस्कार केला. चिंतामणदादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी पयल्यापासून हेच बोलत व्हतो." जेवणं तयार होती.

पावसाळा सरल्यावर लोपीस बाई आणि मी त्यांच्याकडे गेलो. ओटीवर शिवणयंत्र मांडलेलं, पाड्यातल्या चार-पाच मुली कापडाच्या तुकड्यांवर टीप घालायला शिकत होत्या. शालूताईंची सत्ता एकदम प्रस्थापित झालेली दिसत होती. एकीची टीप उसवून परत घालायला लावली, मग आमच्यासाठी चहा टाकायला दुसरीला आत पाठवलं. सर कुठे दिसेनात.

"वर गेलेत," त्या म्हणाल्या. "मीच पाठवते. लग्नानंतर जाणंच सोडलं होतं त्यांनी. माझ्याभोवती नुसते घुटमळायचे. हे देऊ का, ते आणू का. मी म्हटलं, अहो, माझा पाय अधू आहे, मी काही आजारी नाही. जा तुमच्या डोंगरावर."

"मग गेले?" बाईंनी विचारलं.

"गेले की. आणि मी भाताला आधण ठेवतेय तोवर परत दारात. मला वाटलं, पाय मुरगळला. विचारलं, काय झालं? तर आधी पाणी प्यायले. मग इथं बसले." त्यांनी ओटीची कड दाखवली. "म्हणाले, वर बसलो, आनि एकदम लक्षात आलं, वर कोनीच नाय."

मुलींपैकी कुणीतरी मशीन चालू केलं. शालूताईंनी हात वर करून ते थांबवलं.

"मी म्हटलं, अहो, मग आधी कोण होतं? तर म्हणाले, आधीपन कोनी नव्हतं. पन तेव्हा कळत नव्हतं."

त्या जराशा हसल्या आणि मांडीवरचं कापड उगाचच नीट करत राहिल्या. लोपीस बाईंनी नाकाला रुमाल लावला. तेवढ्यात मागच्या परसातून झपाझप पावलं ऐकू आली, आणि आम्हाला बघण्याआधीच सर मोठ्यानं सांगायला लागले होते, आज वाटेत त्यांना काय काय दिसलं ते.